बर्फाची चित्रे काढणारा शेतकरी
(मंडळाच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



मंडळाच्या वाढदिवसाला प्रत्येकीने काहीतरी करून दाखवायचे असा आपला शिरस्ता आहे. कुणी गाणे म्हटले, कुणी नकला केल्या. मला चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही चार शब्द बोला." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, मी काय मोठे सांगणार! पण मध्यंतरी मुलीने मला एका माणसाची हकीगत वाचून दाखवली. ऐकल्यापासून ती मनातून जाईना, म्हणून तीच सांगते.

विल्सन बेंटली हा अमेरिकेतल्या व्हरमाँट प्रांतातला शेतकरी. 1865 साली जेरिको गावी जन्मला. तिथे हिवाळाभर बर्फ पडते. त्याची आई लग्नापूर्वी शाळेत शिकवीत असे. तिने मुलाला बरीच वर्षे घरीच शिकवले, आणि शाळेत वापरलेले आपले लहानसे सूक्ष्मदर्शक यंत्र तो पंधरा वर्षांचा असताना त्याच्या हाती दिले.

मुलाने त्याखाली बर्फाचा कण धरला, आणि काय पाहतो! आपण ठिपक्यांची रांगोळी घालतो ना, तशी सहा पाकळ्यांची नक्षी. पाण्याचे सूक्ष्म कण गोठताना षट्कोनी मांडणीत जुळतात, म्हणून हे सहाचे गणित. तो नक्षी कागदावर उतरवू लागला, पण चित्र पुरे होण्याआधीच कण विरघळून जाई.

मग त्याने कॅमेऱ्याचा ध्यास घेतला. वडील म्हणत, हा बर्फाशी खेळत वेळ फुकट घालवतो. भावाचेही तेच मत. पण आईने वडिलांचे मन वळवले आणि विल्सन सतरा वर्षांचा असताना कॅमेरा घरात आला. किती चित्रे फुकट गेली असतील! अखेर 15 जानेवारी 1885 रोजी त्याला पहिले स्वच्छ चित्र मिळाले. पुढे चाळीस वर्षांनीही तो हाच कॅमेरा वापरीत होता.

त्याच्या कामाची रीत ऐकण्यासारखी आहे. घरामागे एक खोली, तिथे शेगडी पेटवायची नाही, कारण ऊब लागली की कण गेला. पडते बर्फ काळ्या फळीवर झेलायचे. चांगला कण दिसला की बारीक काडीने उचलून काचेवर ठेवायचा आणि पिसाच्या कडेने हलकेच दाबायचा. हे सारे श्वास रोखून, कारण श्वासाच्या उबेनेही कण विरघळे. चित्र निघाल्यावर पाठीमागची जागा काळी यावी म्हणून निगेटिव्हवर चाकूने कणाभोवतीचा लेप खरवडून काढायचा. आपण मोदकाची कळी पाडतो तसे नाजूक काम! अशी पाच हजारांहून जास्त चित्रे त्याने काढली. त्यांत हुबेहूब सारखी अशी दोन त्याला आढळली नाहीत.

आणि हे करताना शेती सुटली नव्हती, बरे का! गाईंच्या धारा, गवताची कापणी, सगळे चालूच. त्याला वाजवण्याचाही नाद होता. दवाची, धुक्याची, ढगांची चित्रे तो घेई.

आता एक गोष्ट खास आपल्या स्वयंपाकघरातली. पावसाचा थेंब केवढा असतो हे त्याने मोजले ते पिठाच्या ताटात! ताटात बारीक पीठ पसरून क्षणभर पावसात धरायचे. जेवढा थेंब तशी पिठाची गोळी होते. त्या वाळवून मोजायच्या. 1904 साली त्याने हे छापून प्रसिद्ध केले. यंदा जूनमध्ये मीही परातीत मैदा घेऊन हा प्रयोग केला. झिमझिम पावसाच्या गोळ्या मोहरीएवढ्या, सरीच्या साबुदाण्यासारख्या. सासूबाई म्हणाल्या, "मैदा वाया घालवलास." पण संध्याकाळी नातवाला चाळणी दाखवणाऱ्या त्याच होत्या.

आता मनाला लागलेली गोष्ट सांगते. एकदा बेंटलीने गावात फुकट व्याख्यान ठेवले, पडद्यावर चित्रे दाखवायची म्हणून. रात्रही छान होती. आली किती माणसे? सहा! हे त्यानेच 1925 साली एका मुलाखतीत सांगितले. या कामापायी पंधरा हजार डॉलर गेले आणि चार हजारसुद्धा परत आले नाहीत, हेही सांगितले. परगावचे विद्वान त्याची चित्रे मागवीत, पण शेजारच्या माणसांना त्यांचे अप्रूप नव्हते.

1931 साली त्याच्या दोन हजारांहून जास्त चित्रांचे पुस्तक निघाले. त्याच वर्षी 23 डिसेंबरला न्यूमोनियाने तो गेला. जे काही झालो ते आईमुळे, असे तो म्हणत असे.

बायांनो, आपल्या घरातही एखादे पोर मुंग्यांच्या रांगेशी तासभर बसते. एखादी सून वहीत काहीतरी लिहून डब्यामागे ठेवते. लगेच "काम नाही का दुसरे?" असे म्हणू नये. घरातल्या एकाच माणसाने पाठीशी उभे राहिले तरी पुष्कळ होते; बेंटलीच्या घरी तरी दुसरे कोण होते? आणि शेजारीण काही दाखवायला उभी राहिली तर आपण ओटा थोडा उशिरा पुसू, पण जाऊन बसू. सहा जणी आल्या असतील तर सातव्या आपण होऊ.