इतिहासाचे कोठीघर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी मराठीत कविता लिहितो. उर्दू मला आजोबांकडून मिळाली. या दुसऱ्या गोष्टीमुळे गेली काही वर्षे माझ्या घरी कवितेसाठी कमी आणि कागदांसाठी जास्त माणसे येतात. कुणाकडे इनामाच्या मुंतखबाची नक्कल असते, कुणाकडे जुने पाहणीपत्रक, तर कुणाकडे घडीवर फाटून चार तुकडे झालेला नुसताच एक कागद. "चाचा, एवढं वाचून सांगा," म्हणत माणूस समोर बसतो. मी वाचतो. वर १३३० फसली असे साल असते. त्यात ५९० मिळवले की इसवी सन ढोबळमानाने निघते, म्हणजे १९२०. हे सांगितले की समोरच्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडतो. शंभर वर्षांपूर्वीचा त्याचा पणजोबा त्या ओळीत उभा असतो, नावानिशी, शेताच्या नंबरासह.

२०२३ च्या सप्टेंबरात शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तहसिलींची अभिलेख कक्षे उघडली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. हैदराबादहून कागद आणावे लागले. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटबाबतचा शासननिर्णयही निघाला. कुणाला काय मिळावे, काय मिळू नये, हा वाद मोठा आहे आणि आजचा माझा विषय तो नाही. पण त्या निमित्ताने एक गोष्ट सगळ्यांच्याच लक्षात आली. ज्या कागदाला आपण रद्दी म्हणत होतो, त्याच्यासाठी माणसे रात्र रात्र रांगेत उभी राहू शकतात.

मग तो कागद आपण ठेवतो कसा? माझ्याकडे येणारे बहुतेक कागद माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेतून निघालेले असतात. शेजारी हळदीची पोती, वर गळका पत्रा. काहींना कसर लागलेली असते, काहींना वाळवीने जाळी पाडलेली असते. पण कसर आणि वाळवीपेक्षाही मला भीती वाटते ती प्रेमाने केलेल्या नुकसानीची. फाटले म्हणून कुणी चिकटपट्टी लावतो. दहा वर्षांत ती पिवळी पडते, तिचा डिंक कागदात मुरतो आणि त्याखालची अक्षरे तपकिरी डागात बुडतात. त्याहून वाईट म्हणजे लॅमिनेशन. झेरॉक्सच्या दुकानात तीस-चाळीस रुपयांत होते, कागद चकचकीत दिसतो, माणूस समाधानाने घरी जातो. पण तापवून चिकटवलेले ते प्लास्टिक पुन्हा सहज निघत नाही. कागदातले आम्ल आत कोंडले जाते आणि तो आतल्या आत ठिसूळ होत राहतो. मूळ सनदेला असे कधीही करू नका. तिची झेरॉक्स काढा आणि हवे तर त्या झेरॉक्सला लॅमिनेट करा.

आपल्या पूर्वजांना हे कळत नव्हते असे नाही. मराठी दप्तरांचे कागद रुमालात बांधलेले असत. रुमाल म्हणजे सुती कापडाचा चौकोनी तुकडा. तो धूळ अडवतो, उजेड अडवतो आणि कागदाला श्वासही घेऊ देतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. पोथ्यांत वेखंडाची पूड आणि कडुनिंबाचा पाला ठेवत. पोथी लिहून झाली की लेखनिक शेवटी विनंती करी की, हिला तेलापासून सांभाळा, पाण्यापासून सांभाळा, सैल बांधू नका आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. अरबी-फारसी हस्तलिखितांवर तर काही ठिकाणी 'या कबीकज' असे लिहिलेले सापडते. कबीकज हा किड्यांचा राजा अशी समजूत होती. राजाचे नाव पाहून किडे ग्रंथाला तोंड लावणार नाहीत, असा तो भाबडा बंदोबस्त. जाणकार सांगतात की, कबीकज हे मुळात एका विषारी वनस्पतीचे नाव. म्हणजे आधी औषध होते, मग औषध राहिले नाही आणि नुसते नावच उरले. आपल्या पुष्कळ बाबतीत असेच झाले आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. जिल्हा नवा, पण कागद फार जुने. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. निजामाच्या दरबारी आधी फारसी होती, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिची जागा उर्दूने घेतली आणि गावपातळीवरचे लोक मोडीत लिहीत राहिले. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९५६ ला हैदराबाद संस्थानाचे तुकडे झाले आणि कागदांच्याही वाटण्या झाल्या. काही हैदराबादला राहिले, काही छत्रपती संभाजीनगरला गेले, काही परभणीला, काही तहसिलीत. उरलेले लोकांच्या घरी, मठात, देवळात, दर्ग्यात. देवस्थानाच्या इनामाचा कागद उर्दूत आणि दर्ग्याच्या इनामाचा कागद मोडीत, हे मी स्वतः वाचलेले आहे. देवळाचे पुजारी माझ्याकडे येतात आणि दर्ग्याचे मुजावर मोडी वाचणाऱ्या गुरुजींकडे जातात. एकाची मिळकत दुसऱ्याच्या लिपीत जपलेली आहे. हे कागद गेले तर जमिनीचे पुरावे जातीलच, पण आपण एकमेकांवर किती विसंबून होतो याची साक्षही जाईल.

एका माणसाने ठरवले तर काय होते, याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करीत. १८९८ मध्ये त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड काढला आणि पुढे असे २२ खंड निघाले. १९२६ च्या ३१ डिसेंबरला ते धुळ्यात वारले आणि लगेच १९२७ मध्ये तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. पुण्यामुंबईत नव्हे, धुळ्यात. आपल्या मराठवाड्यात धाराशिव जिल्ह्यातले तेर घ्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात, शेतात सापडणाऱ्या जुन्या वस्तू जमवल्या. नांगराला लागलेले खापर, मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या. आज तो संग्रह त्यांच्या नावाने शासनाच्या संग्रहालयात आहे. इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी जिचे नाते अभ्यासक सांगतात, ती हस्तिदंती बाहुली याच तेरची.

पण जमवणे हे अर्धे काम. ठेवणे हे उरलेले अर्धे, आणि त्याकडे कुणी पाहत नाही. संग्रहालयात आपण काचेच्या कपाटातले पाहतो तो संग्रहाचा थोडका भाग असतो. बाकीचे मागे कोठीत. रोमच्या इक्रोम या संस्थेने २०११ मध्ये युनेस्कोबरोबर १३६ देशांतल्या सुमारे दीड हजार संग्रहालयांच्या कोठ्यांची विचारपूस केली. निष्कर्ष असा निघाला की, जगभरच्या कोठ्यांतला सुमारे ६० टक्के ठेवा धोक्यात आहे. तेव्हा ही फक्त आपलीच रड आहे असे समजू नका.

त्याच संस्थेने लहान संग्रहालयांसाठी काही साधे निकष सांगितले आहेत. मला ते फार आवडले, कारण त्यांत एकही महागडे यंत्र नाही. कोठीची जबाबदारी एका शिकलेल्या माणसावर असावी. कोठीत संग्रहाखेरीज दुसरे काही नसावे. मोडक्या खुर्च्या, निवडणुकीचे फलक, गणपतीच्या मंडपाचे बांबू तिथे नकोत. कोणतीही वस्तू थेट जमिनीवर नसावी. प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा असावी आणि ती तीन मिनिटांत सापडावी. एक वस्तू काढताना दोनपेक्षा जास्त वस्तू हलवाव्या लागू नयेत. आपापल्या तालुक्याच्या कोणत्याही अभिलेख कक्षाला, वाचनालयाला किंवा संस्थानाच्या कोठीला हे तीन मिनिटांचे माप लावून पाहा.

आता पैशाचे बघू. पैसा अजिबात नाही असे नाही. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची संग्रहालयांसाठी अनुदान योजना आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडून हस्तलिखिते आणि दुर्मीळ ग्रंथ जपणाऱ्या खासगी संस्थांसाठीही साहाय्याची योजना आहे. राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ मध्ये सुरू झाले आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' मिशनची घोषणा झाली. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी, नोंद आणि जतन हे त्याचे उद्दिष्ट. त्यात संग्रहालये आणि ग्रंथालयांबरोबर खासगी संग्राहकांचाही उल्लेख आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी सामाजिक कामासाठी जो निधी द्यायचा, त्यात वारसा आणि कलेचे जतन बसते.

अडचण मागण्यातच आहे. अनुदान मिळाले की आपण आधी कमान बांधतो, मग संगमरवरी फरशी, मग कोनशिला. कोठीघराची फीत कापायला कुणी येत नाही. हल्ली दुसरी घाई स्कॅनिंगची. स्कॅन जरूर करावे, पण कागद न झाडता, न जुळवता, नंबर न टाकता घाईने काढलेले फोटो म्हणजे एका ढिगाचा दुसरा ढीग. वर पुन्हा ती हार्ड डिस्क कपाटात ठेवून विसरली की पाच-सात वर्षांत तीही बंद पडू शकते.

म्हणून अर्ज लिहिताना क्रम असा ठेवावा. आधी छप्पर आणि गळती. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर आणि जुलैत भिंतीला ओल. कागदाला हाच चढउतार मारतो. हवेतली आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या पुढे फार दिवस राहिली की बुरशी धरते. आर्द्रता मोजायचे छोटे यंत्र काही शे रुपयांत येते, ते पहिल्याच दिवशी भिंतीला लावावे. मग यादी. वहीत हाताने केली तरी चालेल, पण प्रत्येक कागदाला नंबर हवा. तिसरे, लोखंडी मांडण्या. जमिनीपासून वीतभर उंच आणि बाहेरच्या भिंतीपासून सुट्या. चौथे, आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेट्या, आणि त्या परवडेपर्यंत धुतलेल्या, बिनरंगी सुती कापडाचे रुमाल. पाचवे, मऊ ब्रशने धूळ झाडणे. फाटलेले जोडायचे ते शिकलेल्या माणसाकडून, पातळ टिश्यू आणि गव्हाच्या खळीने. स्कॅनर सहाव्या क्रमांकावर. आणि सातवे, ज्याला अनुदानाच्या तक्त्यात बहुधा रकानाच नसतो, ते म्हणजे वाचणारा. मोडी आणि उर्दू शिकवायचे वर्ग. माझ्या वयाची माणसे किती दिवस पुरणार? पेटी कितीही चांगली असली तरी आतला कागद वाचणारा उरला नाही तर ती पेटी बंदच राहणार.

श्रोतेहो, आपल्या जिल्ह्यात संत नामदेवांची नर्सी आहे, औंढा नागनाथ आहे, जुने दर्गे आहेत, छावणीच्या खुणा आहेत. या सगळ्यांचे कागद एका छपराखाली, किमान एका यादीत यावेत, असे मला वाटते. ज्यांना मूळ कागद द्यायचा नाही त्यांनी देऊ नये. तो त्यांचा आहे. त्यांनी फक्त फोटो काढू द्यावा आणि यादीत नोंद करू द्यावी. जिल्हा नियोजन समितीसमोर असा प्रस्ताव जायला हरकत नाही. आपल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी, वाचनालयांनी आणि देवस्थान-वक्फच्या विश्वस्तांनी एकत्र बसून तो तयार करावा. त्यात पहिली मागणी कमानीची नको, मांडण्यांची असावी.

तोपर्यंत घरोघरी एवढे करता येईल. येत्या दिवाळीच्या किंवा रमजानच्या साफसफाईत जुनी ट्रंक निघाली तर कागद उन्हात वाळवू नका, सावलीत उघडा. टाचण्या गंजल्या असतील तर हळूच काढा. स्वच्छ कापडात बांधा, वर एक चिठ्ठी लावा. कुणाचा, कुठल्या गावचा, कुणाकडून आला. आणि वाचता येत नाही म्हणून फेकू नका. वाचणारा कुठेतरी आहे, त्याला विचारा.