खिशातला चाकू

खिशात चाकू बाळगणाऱ्या माणसाकडे आपल्याकडे जरा संशयानंच पाहिलं जातं. यात सिनेमाचा वाटा मोठा. खटका दाबताच पातं बाहेर येणारा रामपुरी आपण इतक्या खलनायकांच्या हातात पाहिला, की चाकू म्हटल्यावर पेरू आठवत नाही, मारामारी आठवते. मी एक निवृत्त शिक्षक. एकदा चिपळूणहून एसटीनं घरी येताना पेरू कापायला चाकू काढला, तर शेजारचे गृहस्थ खिडकीकडे सरकले. त्यांच्या हातावर तिखटमीठ लावलेली फोड ठेवली, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला!

हा चाकू माझ्याकडे आला २०१२ साली. माझी भाची तेव्हा फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथं शिकत होती. सुट्टीत आली आणि एक लहानशी पुडी पुढे करून म्हणाली, "मामा, आधी मला एक रुपया दे." मी म्हटलं, "कशाला गं?" तर म्हणाली, "तिकडे धारदार वस्तू फुकट देत नाहीत. नातं कापलं जातं म्हणतात. घेणाऱ्यानं एक नाणं द्यायचं." मी रुपया दिला आणि पुडी उघडली. खरं सांगतो, थोडा हिरमुसलोच. मला वाटलं होतं, कात्री, पेचकस, सगळं पोटात घेऊन बसलेला लाल चाकू असेल. हा तर लाकडी मुठीचा, एका पात्याचा साधा चाकू. आमच्या आठवडी बाजारात शोभला असता.

या चाकूचं नाव ओपिनेल. फ्रान्सच्या पूर्वेला, इटलीच्या सीमेलगत आल्प्सच्या डोंगरात सॅव्हॉय नावाचा प्रदेश आहे. तिथं कुऱ्हाडी, कोयते अशी हत्यारं घडवणाऱ्याचा मुलगा जोसेफ ओपिनेल यानं १८९० साली, वयाच्या अठराव्या वर्षी हा चाकू तयार केला. शेतकऱ्यांच्या, गुराख्यांच्या खिशात राहील असा. १८९७ पासून तो १ ते १२ अशा क्रमांकांत मिळू लागला. माझा आठ नंबरचा. पातं साडेआठ सेंटिमीटर, मिटला की लांबी अकरा सेंटिमीटर, वजन पन्नास ग्रॅमच्या आत. पात्यावर मुकुट घातलेल्या हाताची खूण आहे.

त्याची सारी रचना पाच भागांची. पातं, मूठ, एक खिळा, एक पक्कं बसवलेलं कडं आणि त्यावर फिरणारं दुसरं कडं. हे फिरणारं कडं १९५५ साली आलं. पातं उघडून कडं फिरवलं, की त्याची फट पात्याखालून सरकते आणि पातं मिटत नाही. २००० सालापासून मिटलेल्या पात्यालाही ते अडवतं, म्हणजे खिशात चाकू आपोआप उघडत नाही. या कड्याकडे लक्ष असू द्या. पुढे त्याचंच सांगायचं आहे.

पहिल्या पावसाळ्यात माझं आणि चाकूचं बिनसलं. माझ्या चाकूचं पातं न गंजणाऱ्या पोलादाचं नाही, कार्बन पोलादाचं आहे. कैरी चिरली की काळं पडायचं. जुलैत तर दोन दिवस ओल्या पिशवीत राहिला आणि तांबूस गंज चढला. भर म्हणून मुठीचं लाकूड दमट हवेनं फुगलं आणि पातं बाहेर येईना. आमच्या कोकणातला पाऊस त्या चाकूनं कुठे पाहिलेला! मी भाचीला फोन करून तक्रार केली. ती हसली. म्हणाली, "मामा, कडं मोकळं कर आणि मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोक. तिथली माणसं तसंच करतात." ठोकलं. पात्यानं डोकं बाहेर काढलं.

मग लक्षात आलं, की दोष चाकूचा नव्हता, माझा होता. आईची लोखंडी विळी अशीच काळी होती. कैरी चिरली की आई ती लगेच धुवायची, कोरड्या फडक्यानं पुसायची आणि आडवी करून ठेवायची. विळीला कधी गंज नव्हता. मी तेच सुरू केलं. काम झालं की पुसायचं, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब, आणि पावसाळ्यात पात्यावरून तेलाचं बोट. खाण्याचं काही कापायच्या आधी ते पुसून टाकायचं. पात्यावर आता राखाडी-निळसर झाक आली आहे. तो गंज नव्हे. उलट ती झाक गंजाला थोडीफार अडवते. या पोलादाचा गुण म्हणजे धार पटकन लागते. महिन्यातून एकदा निसण्यावर, पातं थोडंसं तिरपं धरून, दोन्ही बाजूंनी पाच-सात हात फिरवले की पुरे.

दिवसभरात चाकू कशाला लागतो? सुंभ कापायला, पोत्याची शिवण उसवायला, केळीचं पान काढायला, पेन्सिलीला टोक करायला. कामं लहान असतात, म्हणूनच माणूस बेफिकीर होतो. मी झालो. एवढ्याशा कामाला कशाला, म्हणून कडं फिरवणं सोडून दिलं.

२०१८ च्या मे महिन्यात नातू आला होता. नऊ वर्षांचा. त्याला बांबूची पिचकारी करायची होती. मी चाकू उघडला आणि त्याच्या हातात दिला. कडं फिरवलं नाही. त्यानं भोक पाडायला टोक बांबूवर दाबलं. टोकावर जोर पडताच पातं उलटं मिटलं आणि तर्जनीवर बसलं. दवाखान्यात दोन टाके पडले. पोरगं रडलं थोडंच. मुलगी मला एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच मला फार लागलं.

चाकू मी कपाटात टाकला. आठ-दहा महिने तो तिथंच होता. पुढच्या उन्हाळ्यात नातू यायच्या आधी मी कपाटाला कुलूप लावत होतो. हिनं पाहिलं. म्हणाली, "अहो, आठ वर्षांची असताना विळीवर माझं बोट कापलं होतं. आईनं विळी लपवली नाही. जखम भरल्यावर तिनं शेजारी बसवलं आणि भेंडी चिरायला लावली. आधी विळी कशी उघडायची, मग कशी आडवी करायची, ते दाखवलं. तुम्ही त्याला चाकू दिलात, पण चाकू शिकवलात कुठे?"

चाळीस वर्षं शिक्षक असलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं!

त्या मे महिन्यात आम्ही दोघं ओटीवर बसलो. पहिले दोन दिवस काहीच कापायचं नाही. चाकू उघडायचा, कडं फिरवायचं, पातं मिटतं का पाहायचं. मग कडं मोकळं करायचं, मिटायचं, पुन्हा फिरवायचं. तिसऱ्या दिवशी पेन्सिल. धार आपल्यापासून दूर, दुसरा हात पात्याच्या वाटेत नाही. दुसऱ्याला चाकू देताना मिटूनच द्यायचा. टोकानं भोक पाडायचं नाही, त्याला गिरमिट आहे. मुलीला आधी विचारलं होतं. ती म्हणाली, "शिकवा बाबा, पण समोर बसून." पिचकारी चौथ्या दिवशी झाली.

असा चाकू कुणी घेणार असेल, तर एवढंच सांगेन. विमानात हातातल्या सामानात तो चालत नाही. मिरवणुकीत, सभेत, न्यायालयात जाताना घरी ठेवावा. धार कमी झाली तर निसणा आहे, गंज चढला तर तेल आहे. कडं मात्र आपल्यालाच फिरवावं लागतं, दर वेळी, पेरू कापायचा असला तरी.

नातवाच्या तर्जनीवर ती पांढरी रेघ अजून आहे. तो ती मित्रांना कौतुकानं दाखवतो. मला दिसली, की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. चाकू मिटलेला आहे आणि कडं फिरवलेलं आहे, एवढं चाचपून पाहतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)