आपली रील कोणत्या अंगणात मांडावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



या ठिकाणी आजवर डॉक्टरीणबाई बोलल्या, शिक्षिका बोलल्या, वकीलबाईही बोलून गेल्या. मी सातवीपर्यंत शिकलेली, वीस-बावीस वर्षे घरसंसारातच रमलेली बाई. तेव्हा माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा कोणी करू नये. परंतु गेली चार वर्षे मी वाळवणाच्या आणि रोजच्या स्वयंपाकाच्या लहान लहान चित्रफिती मोबाईलवर करीत आले आहे, हे आपणांस ठाऊक आहे. मागच्या सभेत असे ठरले की, मंडळानेही आपल्या कामाच्या रील कराव्यात. मग प्रश्न निघाला की त्या टाकावयाच्या कोठे? एक म्हणाली यूट्यूब, दुसरी म्हणाली इन्स्टाग्राम, तिसरी म्हणाली फेसबुक, आणि चौथीने "सगळीकडे टाका की!" असे सांगून वाद मिटविला. पण तो मिटला नाही, म्हणून आज मला उभे केले आहे.

हा प्रश्न वरवर हौसेचा वाटतो. पण आपल्यात अशा भगिनी आहेत, की ज्यांच्या मुलांची फी कुरडया-पापडांवर भरली जाते, ज्यांचे घरभाडे गोधड्यांतून निघते. अशा बाईने रोज एक तास मोबाईलपुढे घालवायचा, तर तो तास झोपेतून काढावा लागतो नाहीतर कामातून. तेव्हा तो कोठे खर्च करावा, याचा हिशेब आधी व्हावयास हवा.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी ती ही, की ही सारी अंगणे परक्याची आहेत. आपण तेथे रांगोळी काढतो, पण जागा आपली नव्हे. वाइन नावाचे सहा सेकंदांच्या चित्रफितींचे ॲप २०१३ च्या जानेवारीत सुरू झाले. जगभर गाजले, आणि २०१७ च्या जानेवारीत बंदही झाले. आपल्याकडे टिकटॉकने खेड्यापाड्यांतील बायामाणसांस नाव मिळवून दिले. पण २९ जून २०२० रोजी सरकारने देशाच्या सुरक्षिततेच्या कारणावरून ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यांत ते गेले. ज्यांनी लाखांनी चाहते जोडले होते, त्यांना दुसरीकडे पहिल्यापासून मांडावळ करावी लागली. त्याच जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स आणल्या. मोज, जोश, टकाटक अशी आपल्या देशातली ॲप्सही पुढे आली. त्यांतले टकाटक २०२२ साली मोजमध्ये विलीन करण्याचे ठरले. म्हणजे घर बदलण्याची वेळ कोणावरही येऊ शकते.

यावरून मोबाईल फेकून द्यावा असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणते, की आपली मूळ चित्रफीत नेहमी आपल्यापाशी ठेवावी. ॲपमधून परत उतरवून घेतलेली नव्हे, तर आपण घेतलेली कोरी. त्यात एक व्यवहाराचाही भाग आहे. एका ॲपची खूण उमटलेली चित्रफीत दुसरीकडे टाकली, तर ती मागे पडते. इन्स्टाग्रामने २०२१ सालीच सांगून ठेवले आहे, की दुसऱ्या ॲपची खूण दिसणाऱ्या रील आपण कमी लोकांपुढे नेऊ. मूळ प्रत हाताशी असली, म्हणजे ती हव्या त्या अंगणात मांडता येते.

आता निवड कशी करावी? पूर्वी लांबीवरून फरक करता येई. आता तसे राहिले नाही. यूट्यूबच्या शॉर्ट्स ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत चालतात, आणि इन्स्टाग्रामनेही जानेवारी २०२५ मध्ये तेवढीच मुभा दिली. तेव्हा लांबी सोडून द्यावी, आणि स्वतःला विचारावे: हे मी कोणासाठी करते, आणि बघणाऱ्याने बघून झाल्यावर काय करावे अशी माझी इच्छा आहे?

कुरडईचेच उदाहरण घेऊ. सोऱ्यातून पांढरीशुभ्र तार गोल गोल पडताना दाखविली, की चाळीस सेकंदांत माणूस खूश होतो. पण त्या चाळीस सेकंदांत कुरडई शिकता येत नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक गाळायचा, तो रात्रभर बसू द्यायचा, वरचे पाणी अलगद ओतून टाकायचे, मग चीक शिजवताना गुठळी होऊ द्यायची नाही. हे सांगावयास आठ मिनिटे तरी लागतात. ज्या मुलीला शिकायचे आहे, ती दोन वर्षांनी का होईना, "कुरडईचा चीक कसा शिजवावा" असे मोबाईलला विचारील, आणि बहुधा यूट्यूबवरच जाईल. तेथे शॉर्टला आपली मोठी चित्रफीत जोडून देता येते. तार बघून आलेली बाई आठ मिनिटांचा पाठ घेऊन जाते. मधुरा बाचल यांनी यूट्यूबवर २००९ साली सुरुवात केली. त्या वेळी शॉर्ट नव्हते, रीलही नव्हती. शिकविण्याचे काम होते, ते अजून टिकले आहे. म्हणून ज्यांना शिकवायचे आहे, त्यांनी यूट्यूब धरावे.

पण जिला कुरडई शिकवायची नसून विकायची आहे, तिचे काय? तिला लातूरचा किंवा लंडनचा प्रेक्षक काय कामाचा? तिला आपल्या पेठेतील, फार तर शेजारच्या गावातील पन्नास घरे हवीत. तिच्यासाठी मी इन्स्टाग्राम आणि फेसबुक ही जोडी सुचवीन. एकदाच टाकलेली रील दोन्हीकडे जाते. तरुण सुना इन्स्टाग्रामवर असतात, त्यांच्या सासवा फेसबुकवर. रीलवर गावाचे नाव घालता येते. खात्यावर व्हॉट्सॲपचा दुवा देता येतो. उलट शॉर्टच्या खाली लिहिलेला दुवा २०२३ च्या ऑगस्टअखेरपासून दाबून उघडत नाही. विकणारीच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

आता पैशांचे बोलते, कारण ते कोणी उघड बोलत नाही. "रील टाकल्या की घरबसल्या पैसे" असे जे सांगतात, त्यांस आकडे विचारावेत. यूट्यूबवर जाहिरातीतील वाटा मिळण्यासाठी आधी १००० सबस्क्रायबर हवेत. त्याशिवाय, एक तर मोठ्या चित्रफिती वर्षभरात ४००० तास पाहिल्या जाव्यात, किंवा शॉर्ट्स नव्वद दिवसांत एक कोटी वेळा पाहिल्या जाव्यात. शॉर्ट्सच्या धावत्या रांगेतले बघणे त्या तासांत धरत नाहीत. मी वहीवर भागाकार करून पाहिला. एक कोटी म्हणजे नव्वद दिवस रोज सुमारे एक लाख अकरा हजार वेळा! आणि ४००० तास म्हणजे आठ मिनिटांची पाककृती वर्षात तीस हजार वेळा पुरी पाहिली जाणे, म्हणजे दिवसाला ब्याऐंशी-त्र्याऐंशी वेळा. यातले कोणते आपल्या आवाक्यातले, ते आपणच ठरवावे. इन्स्टाग्रामवर तर कमाई मुख्यतः आपला माल विकून किंवा दुसऱ्याच्या मालाची जाहिरात करून होते. अशी जाहिरात केली, तर ती जाहिरात आहे असे स्पष्ट लिहावे लागते. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये तसे नियम केले आहेत. शेजारणीला खरे सांगण्यासाठी खरे तर नियमाचीही गरज नसावी.

सिनेमाच्या गाण्यांविषयीही एक शब्द. व्यवसायाचे खाते काढले, की इन्स्टाग्रामवरची सगळी गाणी वापरता येत नाहीत. याचे वाईट वाटून घेऊ नये. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना जात्यावरच्या ओव्या येतात, मंगळागौरीची गाणी येतात. आपल्याच गळ्याने म्हणावीत. आणि हे धन केवळ चार दिवस धावणाऱ्या रीलमध्ये घालवू नये. ते यूट्यूबवर पुरते, नावनिशी, कोणत्या गावची चाल ते सांगून ठेवावे. म्हातारी माणसे थांबत नाहीत, भगिनींनो.

आता भीतीचे. काहींच्या घरी "चेहरा दिसता कामा नये" असे आहे. त्यावर मी वाद घालणार नाही. हात दाखवूनही उत्तम रील होते. कुरडई हातांनी होते, चेहऱ्याने नव्हे. पण ज्या बाईला स्वतःहून यायचे आहे, तिला कोणी अडवूही नये. दुसऱ्याच्या मुलांना आईबापांस विचारल्याशिवाय घेऊ नये. शाळेचा गणवेश, दारावरची पाटी दिसू देऊ नये. वाईट शेरे येऊ लागले, तर ते बंद करण्याची सोय दोन्हीकडे आहे. आणि खात्याला दुहेरी कुलूप लावावे. अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील सुमन धामणे, ज्यांना सारे "आपली आजी" म्हणून ओळखतात, त्यांचे यूट्यूब खाते २०२० साली चोरीस गेले होते. ते परत मिळाले, हे सुदैव. टू-स्टेप व्हेरिफिकेशन मुलाकडून नव्हे, स्वतः बसून लावून घ्यावे. पासवर्डही आपला आपणच सांभाळावा. तिजोरीची किल्ली आपण ज्याला त्याला देत नाही.

तेव्हा माझी मंडळास सूचना अशी. "सगळीकडे टाका" हे सोडून द्यावे. चार ठिकाणी अर्धवट राहण्यापेक्षा एके ठिकाणी नीट बसावे. मंडळाने ओव्या, खेळ आणि पाककृती यांसाठी यूट्यूब घ्यावे. माल विकणाऱ्या भगिनींसाठी इन्स्टाग्राम-फेसबुकवर मंडळाचे एक सामायिक खाते असावे, आणि त्यावर पाळीपाळीने प्रत्येकीस दिवस मिळावा. मूळ चित्रफिती मंडळाच्या हार्ड डिस्कवर तारखेनिशी ठेवाव्यात. आणि एक साधी वही करावी. तीत किती जणांनी पाहिले हे लिहू नये. कोणाला किती मागण्या आल्या आणि कोण काय शिकले, एवढेच लिहावे. एक वर्ष असे करावे, आणि पुढल्या वर्धापनदिनी ती वही सर्वांसमोर वाचावी. ज्या अंगणात मागणी येत नाही, ते तेव्हा खुशाल सोडावे.

अंगठ्याने सर्र सर्र सरकणाऱ्या त्या चित्रांत आपण केवळ बघणाऱ्या राहू नये, करणाऱ्या व्हावे, असे मला मनापासून वाटते. पण करताना आपला वेळ, आपले काम आणि आपला मान हे तिन्ही आपल्या हाती राहिले पाहिजेत.