रुग्णाची झोप आणि रात्रपाळी



कामगार चळवळीतल्या माणसाने पगारावर बोलावे, बोनसवर बोलावे. रुग्णाच्या झोपेतले त्याला काय कळते, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. आमचे शालेय शिक्षण बेताचेच. पण विश्रांती हा आमच्या चळवळीचा जुना विषय आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ती त्यासाठीच.

काही वर्षांपूर्वी पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आम्ही एका रुग्णालयात नऊ दिवस होतो. डोक्यावर रात्रभर दिवा जळे. ढकलगाडीचे चाक कुरकुरे. बाराला कसाबसा डोळा लागला की एकाला रक्तदाबासाठी उठवीत, आणि चारला ताप पाहण्यासाठी. तिसऱ्या रात्री आम्ही पुढाऱ्याच्या थाटात परिचारिकेवर आवाज चढवला. ती शांतपणे म्हणाली, "काका, बेचाळीस खाटा आहेत आणि मी एकटी. बदलीची सिस्टर आली नाही म्हणून सकाळपासून इथेच आहे. चारला सुरुवात केली नाही, तर सातपर्यंत काम उरकत नाही."

आम्ही गप्प झालो. सारी हयात डबल पाळीविरुद्ध भांडण्यात गेली, आणि डबल पाळी समोर उभी असताना ती आम्हांला ओळखू आली नाही!

दुसऱ्या रात्री तिच्या जोडीला आणखी एक सिस्टर होती. तीच बाई आता कशी वागली पाहा. घरी किती वाजता झोपता, हे तिने विचारले. डॉक्टरांनी लिहिलेली वेदनाशामक गोळी झोपेआधी दिली, लघवीला नेऊन आणले, रक्तदाब आणि इंजेक्शन एकाच फेरीत उरकले, दिवा मंद केला. आम्ही सलग पाच तास झोपलो.

याला शुश्रूषा म्हणतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या पुस्तकात गोंगाटावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. पहिल्या झोपेतून दचकून उठलेल्या रुग्णाला पुन्हा झोप लागत नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. झोप येत नाही म्हटले की गोळी मागणे सोपे. पण वृद्ध रुग्ण त्या गुंगीत पडतो, भ्रमिष्टासारखा बोलतो. म्हणून आधी कारण शोधायचे असते : दुखते आहे की भीती वाटते, संध्याकाळी चहा झाला की दिवसा झोप झाली? घोरता घोरता श्वास अडकत असेल, तर डॉक्टरांना सांगायचे असते. हे सारे पाहायला माणूस लागतो, आणि माणसाला वेळ लागतो.

आणि त्या माणसाच्या झोपेचे काय? रात्रपाळीमुळे कर्करोगाचा धोका संभवतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली सांगितले आणि २०१९ साली पुन्हा तोच निर्वाळा दिला.

रुग्णालयाभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता राखावी, असा नियम आपल्या देशात २००० सालापासून आहे. तो आपण पाळावा, भेटीची वेळ संपताच उठावे. पण आपले माणूस रुग्णालयात ठेवताना आणखी एक प्रश्न विचारा : रात्री येथे किती परिचारिका असतात, आणि त्या किती तासांच्या जागरणानंतर कामावर उभ्या असतात? हा प्रश्न त्यांच्या संघटनेने एकटीने विचारून भागणार नाही. त्या खाटेवर उद्या आपणच असणार आहोत.