स्मृतिभ्रंशाचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



लालबागच्या चाळीतील एक कुटुंब नजरेसमोर आणावे. घरातील वृद्ध गिरणी कामगार १९८२ च्या संपात उतरला होता. संपानंतर गिरणीने त्याला परत घेतले नाही. आज तो पंचाहत्तरीच्या घरात आहे. पहाटे उठून तो सुनेला विचारतो, "डबा भरलास का गं? भोंगा झाला." गिरणी राहिली नाही, भोंगाही राहिला नाही. दोनदा तो त्या वाटेने निघून गेला आणि संध्याकाळी सापडला. मुलगा पहारेकरी आहे. सून शिवणकामाच्या कारखान्यात जात असे. तिने काम सोडले. डॉक्टर म्हणतात, यांना एकटे ठेवू नका. भावकी म्हणते, बाहेर कुठे ठेवू नका, लोक नावे ठेवतील. सुनेचा बुडालेला पगार कोणी भरून द्यायचा, हे मात्र कोणीच सांगत नाही.

असे कुटुंब अपवादात्मक नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या आधारे भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज मांडला गेला. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. आपल्याकडे त्याला 'म्हातारचळ' म्हणून हसण्यावारी नेले जाते. वस्तुतः तो मेंदूच्या विकारांतून उद्भवणारा आजार आहे. जपानमध्ये या आजाराचे रूढ नाव अवमानकारक ठरल्याने २००४ साली सरकारने ते बदलले. ज्याला चळ म्हटले जाते त्याच्या शुश्रूषेसाठी कोणी अंदाजपत्रकात तरतूद करीत नाही. म्हणून शब्दाचा प्रश्नही गौण नाही.

शुश्रूषा हे श्रम आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होती. असे काम करणारा पुरुष ९७. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात या श्रमांना स्थान नाही. त्यामुळे 'वृद्धांना घरीच सांभाळावे' या उपदेशाचा व्यवहारातील अर्थ 'घरातील एका स्त्रीने वेतन सोडावे' असा होतो.

मग दिवसाचे केंद्र निवडावे की निवासी गृह? याचे उत्तर आजाराच्या टप्प्यावर आणि घरातील मनुष्यबळावर अवलंबून आहे. रुग्ण चालतो, जेवतो, माणसांत रमतो आणि रात्री बहुधा शांत झोपतो, तोवर दिवसाचे केंद्र श्रेयस्कर. तेथे सोबत आणि ठरलेला दिनक्रम मिळतो, शिवाय घर सुटत नाही. मात्र केंद्राची वेळ पाळीशी जुळली पाहिजे. सहाला सुटणाऱ्या कामगार स्त्रीला चारला बंद होणाऱ्या केंद्राचा उपयोग नाही. रात्र रात्र जागरण घडू लागले, उचलण्यास दोन माणसे लागू लागली, अथवा शुश्रूषा करणारीच अंथरुणाला खिळली, की निवासी गृहाचा विचार करणे हा निष्ठुरपणा नव्हे.

गृह निवडताना फरशीची चकाकी पाहू नये. रात्री किती माणसे कामावर असतात, रुग्णाला पलंगाला बांधतात काय, कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी झोपेची औषधे देतात काय, नातलगांना केव्हाही येता येते काय, हे विचारावे. अनेक वृद्धाश्रम असे रुग्ण घेतच नाहीत, म्हणून चौकशी आधीपासून करावी. मुख्य म्हणजे आजाराच्या आरंभी, समज शाबूत असताना, रुग्णालाच विचारावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भावी उपचारांविषयीची इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार दिला आहे.

पण निवड करायची तर निवडण्याजोगे काही असावे लागते. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी केलेला २००७ चा कायदा वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांच्या कैदेचा धाक घालतो. तोच कायदा राज्य सरकारबाबत एवढेच म्हणतो की, सरकार निराधारांसाठी जिल्ह्यागणिक निदान एक वृद्धाश्रम काढू 'शकेल'. मुलांना सक्ती आणि शासनाला मुभा, असा हा न्याय आहे.

दुसरी वाट अशक्य नाही. जपानने २००० साली दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू केला. चाळिशीपुढील सर्वांकडून वर्गणी घेतली जाते, जवळपास तितकाच वाटा करांतून येतो आणि त्यातून दिवसाची केंद्रे व निवासी गृहे दोन्ही चालतात. आपल्याच देशात केरळने २००८ साली परिहार शुश्रूषेचे धोरण स्वीकारून स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत परिचारिका रुग्णाच्या दारी पोचवल्या.

कामगार चळवळीला हे तत्त्व नवे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ मध्ये ही मर्यादा तीसवर आली. पाळणाघरात मूल ठेवणाऱ्या आईने मूल टाकले, असे कोणी म्हणत नाही. वृद्ध म्हणजे मूल नव्हे, त्याला त्याचे आयुष्य आणि मान आहे. परंतु शुश्रूषेचा भार समाजाने वाटून घेण्याचे तत्त्व तेच आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. केंद्रातील मावशींना अंगणवाडी सेविकांप्रमाणे 'मानधना'वर राबवले, तर ओझे सुनेच्या खांद्यावरून दुसऱ्या गरीब स्त्रीच्या खांद्यावर जाईल, इतकेच. म्हणून प्रत्येक प्रभागात दिवसाचे केंद्र आणि जोडीला थोड्या निवासी खाटा ही मागणी करताना, तेथील कर्मचाऱ्यांना पूर्ण वेतन ही मागणीही त्याच निवेदनात असली पाहिजे.

आरंभ आपल्या वस्तीपासून करता येईल. कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन असे रुग्ण किती आणि त्यांच्यापायी काम कोणी सोडले, याची नोंद करावी आणि ती नगरपालिकेपुढे ठेवावी. त्या घरात गेल्यावर सुनेला कर्तव्य शिकवू नये. केंद्र किती वाजता उघडले तर तिला पुन्हा कामावर जाता येईल, एवढे विचारून लिहून घ्यावे.