घाट उतरताना

आल्प्स पर्वत म्हटला की बर्फाची शिखरे आणि गिर्यारोहक डोळ्यांपुढे येतात. पण पुष्कळ प्रवाशांची या पर्वताशी गाठ पडते ती मोटारीत बसून, खिंड ओलांडताना. उत्तर इटलीतली स्टेल्व्हिओ खिंडच घ्या ना. उंची २७५७ मीटर! लोंबार्डी प्रांत ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होता तेव्हा, १८२० ते १८२५ या काळात, कार्लो दोनेगानी या इंजिनिअराने हा रस्ता बांधला. तो होता घोडागाड्यांसाठी. घोड्यांना झेपेल इतकाच चढ ठेवायचा, म्हणून वळणांवर वळणे आली. प्राटो गावाच्या बाजूला अशी अठ्ठेचाळीस वळणे आहेत, आणि प्रत्येकाला क्रमांक दिलेला आहे.

चढताना परीक्षा होते ती इंजिनाची. माथ्यावरची हवा सुमारे पाव हिश्शाने विरळ. साहजिकच साध्या इंजिनाचा जोरही जवळजवळ तितकाच घटतो. वळणाच्या आधीच गिअर खाली आणला, की काम भागते.

उतरताना मात्र परीक्षा चालवणाराची! प्राटोपासून माथ्यापर्यंत गाडी सुमारे १८०० मीटर वर चढलेली असते. ती उंची उतरताना जी शक्ती मोकळी होते, ती एक टनाच्या गाडीच्या बाबतीत पन्नास लिटर थंड पाण्याला उकळी आणील, एवढी असते. ही सारी उष्णता ब्रेकवर लादली तर काय होईल? ब्रेक तापून त्यांची पकड सुटते. त्यांतले तेल उकळून वाफेचे बुडबुडे झाले, तर पाय खालपर्यंत दाबला तरी गाडी थांबत नाही. आणि पुढे असते वळण!

यावर उपाय जुना आहे : ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. म्हणजे गाडीला आवरण्याचे बरेचसे काम इंजिनच करते. ब्रेकवर सारखा पाय ठेवू नये. वळणाआधी नेटाने दाबावा आणि सोडावा. जळका वास आला, तर सुरक्षित जागा पाहून थांबावे, ब्रेक निवू द्यावेत. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडणे, हा तर जिवाशी खेळ होय.

हिवाळ्यात बर्फामुळे ही खिंड बंदच असते. उन्हाळ्यात गेलात, तर माथ्यावर कॉफीचा पेला खुशाल घ्या. पण निम्मा घाट अजून उरला आहे, आणि अवघड तो हाच, एवढे ध्यानात असू द्या.