लोकांचा पैसा, लोकप्रतिनिधींचा प्रवास



सार्वजनिक पैशाची रक्कम लहान असली, तरी तिच्या हिशेबाची जबाबदारी लहान होत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील एक प्रकरण पाहा. तेथील प्रतिनिधिगृहाच्या अध्यक्षा ब्रॉनविन बिशप २०१४ सालीं मेलबर्नहून जिलाँगनजीक पक्षाच्या निधिसंकलन-समारंभास हेलिकॉप्टरनें गेल्या. मोटारीनें हें अंतर सुमारें तासाभराचें. भाडें मात्र पांच हजार डॉलरांहून अधिक, आणि तें सरकारी तिजोरींतून! २०१५ सालीं ही गोष्ट उघडकीस येतांच लोकमत खवळलें. बाईंनीं रक्कम परत केली, क्षमाहि मागितली. तरी ऑगस्टमध्यें त्यांस पद सोडावें लागलें.

परंतु एका व्यक्तीचें पद गेल्यानें तिजोरी राखली जात नाहीं. म्हणून २०१७ सालीं तेथें स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झालें. तें सदस्यांचा प्रवासखर्च तपासतें व त्याचे आंकडे नियमितपणें प्रसिद्ध करतें.

आपल्याकडे २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें असा हिशेब मागण्याचा हक्क नागरिकांस दिला आहे. तो अवश्य बजावावा. तथापि न मागतां मांडलेला हिशेब अधिक शोभतो. शिक्षक असतांना सहलीहून परतल्यावर मी सारा जमाखर्च फळ्यावर लिहीत असें. माझ्यावर कोणाचा संशय नव्हता. पैसे मुलांचे होते, इतकेंच त्याचें कारण.